ऑफ-रोड ट्रकला लिफ्ट नेमकी किती लागते? आधी टेप घेऊन गाडीखाली शिरा

सस्पेन्शन लिफ्टचा, म्हणजे गाडीचा सांगाडा चाकांपासून आणखी उंच करण्याचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: दोन इंच घालू की चार? म्हणजे आधी कळस, मग पाया. आकडा ठरतो, किट येतं, मोकळ्या झालेल्या जागेत भरायला मोठे टायर येतात, आणि गाडी वळणावर डुलायला लागली, स्टिअरिंग सैल वाटायला लागलं की मग एकेक सुटा भाग शोधायची धावपळ सुरू होते. खरा क्रम याच्या उलट आहे. गाडी कुठे अडते ते आधी, टायर नंतर, गाडीवर कायम किती वजन राहणार ते त्यानंतर. या तिन्हींची उत्तरं मिळाली की लिफ्टचा आकडा बहुतेक वेळा आपोआप निघतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रस्त्यावर रोज चालणाऱ्या आणि सुट्टीला दगडधोंड्यांच्या वाटेवर जाणाऱ्या पिकअपला किंवा एसयूव्हीला ४० ते ६० मिलिमीटर, म्हणजे साधारण दोन इंच, पुरतात. ७५ च्या पुढे जायला ठोस कारण हवं. १०० च्या पुढे गेलात की ती लिफ्ट राहत नाही, गाडीची नव्याने बांधणी होते. तिथे स्प्रिंगबरोबर आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारे हात), शाफ्ट, स्टिअरिंग, गिअरिंग सगळंच बदलावं लागतं.

पायरी १: ओरखडे वाचा

गाडी धुवा, खाली स्वच्छ पाणी मारा आणि सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक लावा. मग टॉर्च घेऊन खाली बघा. गाडी कुठे अडते हे मालकाच्या आठवणीपेक्षा तिच्या पोटावरचे ओरखडे जास्त खरं सांगतात. जुने ओरखडे गंजलेले, तपकिरी दिसतात, ताजे चकाकतात.

पुढच्या बंपरची खालची कड घासलेली असेल तर अडचण चढाच्या सुरुवातीच्या कोनाची आहे. यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बंपर कापणं किंवा वरच्या बाजूला छाटलेला स्टीलचा बंपर बसवणं. नुसत्या बंपरने मिळणारा कोन दोन इंच लिफ्टपेक्षा बरेचदा जास्त असतो, आणि गाडीचा गुरुत्वमध्य जागचा हलत नाही. टोइंगचा हूक किंवा मागचा बंपर खरवडला असेल तर अडचण मागच्या कोनाची. तिथेही आधी हूक वर घेता येतो का ते पाहा.

दारांखालची पट्टी, चेसिसचा मधला भाग किंवा ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सची) संरक्षक प्लेट घासलेली असेल तर गाडी उंचवट्यावर पोट टेकते आहे. लिफ्टचा खरा उपयोग इथे होतो.

ओरखडे मागच्या ॲक्सलच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) मधल्या फुगवट्यावर, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या खाली असतील, तर लिफ्टने काडीचा फरक पडणार नाही. ॲक्सल चाकांना बांधलेला असतो, स्प्रिंग त्याच्या वर असते. स्प्रिंग कितीही उंच करा, ॲक्सल तिथेच राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, आणि तोही टायरचा व्यास जितका वाढला त्याच्या निम्म्यानेच. मर्सिडीजच्या युनिमॉग ट्रकसारख्या गाड्यांना पोर्टल ॲक्सल असतात, त्यात चाकाच्या मध्यापेक्षा ॲक्सल वर बसवलेला असतो. पण तो साध्या ट्रकला सहज जोडण्याचा भाग नाही.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होणारं) असेल तर थोडा फरक आहे. तिथे डिफरन्शियल चेसिसला लटकलेलं असतं, त्यामुळे लिफ्टबरोबर तेही वर जातं. खालच्या आर्मचं चाकाकडचं टोक आणि शॉकचा (शॉक ॲब्सॉर्बरचा) खालचा बोल्ट मात्र जवळपास होते तिथेच राहतात. दगडाला पहिली भेट तेच देतात.

आणि पोटाखाली कुठेच ओरखडे नसतील, तर लिफ्ट कशासाठी हवी आहे याचं उत्तर स्वतःला प्रामाणिकपणे द्या. "दिसायला छान" हेही उत्तर चालतं. फक्त मग खर्च आणि तोटे दिसण्याच्या खात्यात मांडा.

पायरी २: चार मापं कागदावर घ्या

चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना मोजा. जमिनीपासून मडगार्ड मोजू नका, कारण टायरची हवा आणि झीज त्या मापात मिसळते. डावं-उजवं माप १० मिलिमीटरने वेगळं निघालं तर घाबरू नका. इंधनाची टाकी, बॅटरी, ड्रायव्हरची बाजू यामुळे असं होतं. पण फरक २०-२५ च्या वर गेला तर आधी स्प्रिंग थकली आहे का, पाटा (पट्ट्यांच्या स्प्रिंगमधली पट्टी) तुटला आहे का ते पाहा. बसलेल्या स्प्रिंगची गाडी नुसत्या मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगने ३० मिलिमीटर वर आलेली पाहून लोक चकित होतात. ती लिफ्ट नव्हे, दुरुस्ती!

हीच मापं दोनदा घ्या: एकदा रिकाम्या गाडीची आणि एकदा प्रवासाच्या पूर्ण सामानासह, माणसं बसलेली असताना. दोन्हींतला फरक पुढे स्प्रिंग निवडताना लागेल.

पिकअपची शेपूट रिकामी असताना थोडी उंच असते, ती मुद्दाम ठेवलेली असते. फक्त पुढून उचलून गाडी एका पातळीत आणायची हौस अनेकांना असते. सामान भरलं की मागचा भाग खाली बसतो, नाक आकाशाकडे जातं आणि रात्री हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत. मागे नियमित वजन घेणार असाल तर हा प्रकार टाळा.

पायरी ३: आधी टायर ठरवा

टायरवर लिहिलेल्या मापातून व्यास काढता येतो. २६५/७० आर १७ घ्या. रुंदी २६५, तिच्या ७० टक्के म्हणजे १८५.५ मिलिमीटर ही बाजूच्या भिंतीची उंची. ती वर आणि खाली मिळून ३७१, त्यात १७ इंची रिमचे ४३२ मिळवले की व्यास ८०३ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३१.६ इंच. आता २८५/७० आर १७: व्यास ८३१, म्हणजे ३२.७ इंच. व्यासात वाढ २८, पण ॲक्सलखाली मिळाले फक्त १४ मिलिमीटर. पस्तीस इंची टायर ८८९ मिलिमीटरचा, तिथे ४३ मिळतात.

चौदा मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण ते गाडीच्या सगळ्यात खालच्या बिंदूला मिळतात, आणि चार इंचांची लिफ्ट त्या बिंदूला शून्य देते. म्हणून चाकोऱ्या खोल पडलेल्या चिखलाच्या वाटेवर, जिथे मधल्या उंचवट्यावर डिफरन्शियल नांगरत जातं, तिथे लिफ्टवाली गाडीही तितकीच अडकते.

मोठ्या टायरची किंमत दुकानात दिसते त्याहून जास्त असते. ३१.६ वरून ३५ वर गेलात तर स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी खरी सुमारे ८९ ने पळत असते. ४.१० चा फायनल गिअर (ॲक्सलमधल्या गिअरचं गुणोत्तर) असेल तर तो ३.७० असल्यासारखा वागतो. चढावर गाडी दम टाकते आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सारखा गिअर शोधत बसतो. मूळ ओढ परत आणायची तर ४.५६ च्या आसपासचा गिअर पुढे-मागे दोन्ही ॲक्सलमध्ये बसवावा लागतो. शिवाय जड चाक थांबवायला तेच जुने ब्रेक. साडेबत्तीस-तेहतीस इंचांपर्यंत बहुतेक मध्यम आकाराचे ट्रक हे निभावून नेतात, त्यापुढे हिशेब बदलतो.

टायर घासतो म्हणून लिफ्ट घालायची, हे अर्धंच खरं आहे. चाक पूर्ण वळवल्यावर टायर चाकाच्या खाचेच्या मागच्या भिंतीला किंवा बॉडी माउंटला (बॉडी चेसिसवर टेकते त्या आधाराला) लागत असेल, तर गाडी उचलून उपयोग नाही. टायर पुढे-मागे सरकलेला नसतो आणि सस्पेन्शन दबलं की तो पुन्हा तिथेच पोचतो. त्यावर इलाज म्हणजे अस्तर वाकवणं, पत्रा छाटणं, किंवा कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकाव) वाढवून चाक काही मिलिमीटर पुढे ढकलणं. मोठा टायर, लहान लिफ्ट आणि छाटलेलं मडगार्ड ही जोडी दिसायला रांगडी, पण डोंगरात उत्तम. पत्र्याला कटर लावायची हिंमत लागते, एवढंच.

पायरी ४: पोटाचा कोन आकड्यात बघा

उंचवटा पार करताना पोट टेकेल की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं: पोटाची उंची आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस. अंदाजापुरतं सूत्र सोपं आहे. पोटाच्या उंचीची दुप्पट करा, तिला व्हीलबेसने भागा, त्याचा आर्कटॅन (कॅल्क्युलेटरवरचं tan⁻¹) काढा आणि उत्तर दुप्पट करा. टायरचा गोलवा यात धरलेला नाही, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा वेगळा येतो, पण तुलनेला हे पुरतं.

टोयोटा हायलक्सचा व्हीलबेस ३०८५ मिलिमीटर आहे. पोट २५० वर धरलं तर कोन १८.४ अंश येतो. ५० मिलिमीटर लिफ्टने पोट ३०० वर गेलं की २२ अंश. आता तीन दारांच्या सुझुकी जिम्नीचा व्हीलबेस बघा: २२५०. तिचं पोट त्याच २५० वर आहे असं मानलं तर लिफ्टशिवायच २५ अंश मिळतात. लांब ट्रकला तो कोन गाठायचा तर पोट ३४० च्या वर न्यावं लागेल, म्हणजे साडेतीन इंचांहून जास्त लिफ्ट. लांब ट्रकवाले लिफ्टच्या मागे का लागतात ते इथे कळतं. आणि तरीही मी सांगेन की लांब गाडीने आखूड गाडीची बरोबरी करायला जाऊ नये. जाड प्लेट आणि दारांखाली भक्कम स्लायडर (दगडावरून घसरणारे पाइप) लावा. पोट टेकणार हे गृहीत धरून ते घसरत पुढे जाईल अशी व्यवस्था करणं हे उंचीच्या मागे धावण्यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित पडतं.

पायरी ५: बदल्यात काय जातं तेही मोजा

कडेच्या उतारावर गाडी किती तिरकी झाली की कलंडेल, याचा कच्चा हिशेब दोन मापांवर असतो. दोन चाकांमधल्या आडव्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचं. अमेरिकेची रस्तेसुरक्षा संस्था एनएचटीएसए गाड्यांना उलटण्याचं मानांकन देताना हाच भागाकार वापरते.

समजा चाकांमधलं अंतर १५४० आहे आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर. भागाकार १.१०, कोन ४७.७ अंश. दोन इंच लिफ्टने गुरुत्वमध्य पूर्ण ५० ने चढत नाही, कारण ॲक्सल आणि चाकं खालीच राहतात. ४५ धरू. कोन ४६ वर येतो. चार इंचांना तो साधारण ४४.३. हे कागदावरचे आकडे आहेत. प्रत्यक्षात उताराकडचा टायर आणि स्प्रिंग दबते, खालच्या चाकाखाली खड्डा येतो, आणि गाडी याच्या कितीतरी आधी उलटते. म्हणून हे तीन-साडेतीन अंश नेमके आणीबाणीच्या राखीव साठ्यातून कापले जातात.

यातला लोकांच्या लक्षात न येणारा भाग छताचा. सव्वादोन टनांच्या गाडीवर, जमिनीपासून दोन मीटर उंचीवर, ६० किलोचा तंबू चढवला तर गुरुत्वमध्य सुमारे ३३ मिलिमीटर वर जातो. म्हणजे दीड इंच लिफ्ट घातल्यासारखंच झालं, आणि बदल्यात पोटाखाली एक मिलिमीटरही मिळाला नाही. छतावर सामान नेणारा आणि न नेणारा यांना सारख्याच लिफ्टचा सल्ला देता येत नाही तो यामुळे. मोकळं छत असेल तर दोन इंच बिनधास्त घाला. वर पाण्याचे कॅन, जास्तीचं चाक आणि तंबू जाणार असेल तर आधी ते खाली आणता येतं का बघा.

चाक बाहेरच्या बाजूला नेणारी रिम बसवून थोडी भरपाई होते. दर चाकामागे २५ मिलिमीटर बाहेर गेलात तर वरच्या दोन इंचांच्या उदाहरणात गेलेल्यातला निम्मा तोल परत येतो. पण बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि टायर मडगार्डला नव्या ठिकाणी लागू शकतो. फुकट काहीच नाही.

दुसरं नुकसान चाकाच्या खाली लटकण्याच्या क्षमतेचं. समजा उभ्या गाडीचं चाक आणखी ९० मिलिमीटर खाली जाऊ शकतं. शॉक तोच ठेवून फक्त स्प्रिंग उंच केली आणि गाडी ५० ने वर घेतली, की खाली जायला उरतात ४०. खड्ड्यात चाक लवकर हवेत राहतं, आणि गतिरोधक ओलांडताना पुढून "टक" असा आवाज येतो. शॉक पूर्ण ताणला जाऊन थांबतो त्याचा तो आवाज. खडबडीत वाटेवर पकड टिकवते ती चाकाची वर-खाली हालचाल. तीच मारून मिळवलेली उंची हा तोट्याचा सौदा.

पायरी ६: उंची कुठून काढायची

बॉडी लिफ्टमध्ये चेसिस आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे बसतात. सस्पेन्शनची भूमिती बदलत नाही, टायरला जागा मिळते, पण चेसिसचं पोट होतं तिथेच राहतं. एक इंचापर्यंत ठीक. तीन इंचांची बॉडी लिफ्ट घातलेली गाडी बाजूने पाहा, बॉडी आणि चेसिसमधून पलीकडचं दिसतं.

शॉकच्या डोक्यावर बसणारी चकती स्वस्त आणि म्हणून लोकप्रिय आहे. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये २५ मिलिमीटरची चकती चाकाला साधारण ४०-५० देते, कारण शॉक आर्मच्या मधोमध जोडलेला असतो. विक्रेता "एक इंचाची चकती" म्हणाला तर ती चाकाला किती देते, हे विचारून घ्या. इथे पूर्ण लटकलेलं चाक आधीपेक्षा आणखी खाली जातं, त्यामुळे वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणाऱ्या शाफ्टचा सांधा) टोकाच्या कोनात ताणले जातात. आणि खड्ड्यात दबताना बंपस्टॉपच्या (चाकाला वर थोपवणाऱ्या रबरी ठोकळ्याच्या) आधी शॉकच तळाला आपटू शकतो. मातीच्या साध्या रस्त्यापुरतं चालून जाईल, दगडात नको.

माझी पसंती स्प्रिंग आणि तिला जुळणारा, थोडा लांब शॉक या जोडीला. उंचीपेक्षाही यात वजनाला जुळणारी स्प्रिंग मिळते, आणि ते जास्त मोलाचं आहे.

मागे पाटे असतील तर लांब शॅकल (पाट्यांचं टोक चेसिसला जोडणारी कडी), ॲक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळा, जास्तीचा पाटा किंवा पाट्यांचा पूर्ण नवा जोड असे चार मार्ग आहेत. शॅकल ५० ने लांब केलं तर उंची २५ च मिळते आणि ॲक्सलचं तोंड फिरतं, त्यामुळे शाफ्टचा कोन बिघडतो. ठोकळ्याने ॲक्सलला तरफ मिळते आणि जोर लावल्यावर पाटे एस आकारात वळतात. लहान ठोकळा मागे चालतो, पण पुढच्या ॲक्सलखाली ठोकळा कधीही नको आणि एकावर एक दोन ठोकळे कुठेच नकोत. जास्तीचा एकच जाड पाटा गाडी बैलगाडीसारखी धडधडवतो. नवा जोड महाग पडतो, पण हाच मार्ग धरा.

स्वतंत्र सस्पेन्शनला चार ते सहा इंच देणारे मोठे किट पूर्ण क्रॉसमेंबर (चेसिसचा आडवा तुळईसारखा भाग) आणि डिफरन्शियल ब्रॅकेटने खाली आणतात. सीव्हीचे कोन जागेवर राहतात खरे, पण क्रॉसमेंबरच खाली आल्यामुळे पोटाखाली मिळणारी उंची लिफ्टच्या आकड्यापेक्षा बरीच कमी असते. पस्तीस-सदतीस इंची टायरसाठी याचा उपयोग आहे. दगडावर पोट वाचवायला हे घेत असाल तर क्रॉसमेंबरची उंची विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

पायरी ७: वजनावरून स्प्रिंग, स्प्रिंगवरून उंची

स्प्रिंगच्या पाकिटावर "५० मिलिमीटर" लिहिलेलं असतं ते ठरावीक वजनाला. पुढे स्टीलचा बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) मिळून सहज ८०-१०० किलो होतात. त्या वजनासाठी बनवलेली स्प्रिंग मोकळ्या बंपरच्या गाडीला लावली तर गाडी ५० ऐवजी ७०-७५ ने वर जाईल, कडक होईल आणि सीव्ही जॉइंट विनाकारण तिरके होतील. उलट हलकी स्प्रिंग जड गाडीला लावली तर काही महिन्यांत गाडी पूर्वीच्या उंचीला.

म्हणून कायमच्या वजनाची यादी करा: बंपर, विंच, दुसरी बॅटरी, ड्रॉवर, फ्रिज, पाण्याची टाकी, कॅनॉपी (पिकअपच्या मागच्या भागावरचं छप्पर). कधीमधी चढणारं वजन यात धरू नका. वर्षातून दोनदा भरल्या गाडीने जाणारा माणूस मागे सर्वांत जड पाटे बसवतो आणि उरलेलं वर्ष रिकाम्या गाडीत कंबर मोडून घेतो. अशांनी मध्यम पाटे घ्यावेत. मागे कॉइल स्प्रिंग असेल तर तिच्या आत हवेचा फुगा बसवता येतो. वाहन कंपनीने ठरवलेली एकूण वजनाची मर्यादा मात्र कोणत्याच स्प्रिंगने वाढत नाही.

मग आकडा किती?

मातीचे रस्ते, जंगलवाटा, लांबचा भरलेला प्रवास: ० ते ४० मिलिमीटर आणि वजनाला जुळणारी स्प्रिंग. वाळू: लिफ्टची गरज नाही, टायरची हवा ३५ वरून १८ पीएसआयच्या आसपास आणा, फरक लगेच दिसेल. दगड, चाकोऱ्या, ओढे असं सगळं मिश्र असेल आणि टायर ३२-३३ इंची असेल तर ५०. पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) असलेल्या, ३५ इंची टायरवर फक्त खडकात खेळणाऱ्या गाडीला ७५ ते १००, तेही बदललेल्या आर्मसह. जीप स्वतःच्या अधिकृत सुट्या भागांमध्ये रँग्लरसाठी दोन इंचांचं किट विकते, हे इथे नोंदवण्यासारखं आहे.

पन्नास आणि शंभरमध्ये घुटमळत असाल तर तेवढ्याच पैशात मागे डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) बसवा. एक चाक हवेत असताना गाडी पुढे नेतो तो लॉक. दोन इंच आणि लॉक असलेला ट्रक लॉक नसलेल्या चार इंचवाल्याच्या पुढे जातो, हे कोणत्याही दगडी चढावर बघायला मिळेल.

पायरी ८: बसवताना सुटणाऱ्या गोष्टी

बसवण्याआधी आपल्या भागातले नोंदणीचे आणि विम्याचे नियम तपासा. कागद नसलेली लिफ्ट अपघातानंतर महागात पडते.

स्वतंत्र सस्पेन्शनला दोन इंचांच्या आसपास बरेचदा वरचा आर्म बदलावा लागतो. मूळ आर्म पूर्ण लटकल्यावर कॉइलला टेकतो, आणि कॅस्टर कमी पडल्याने वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. हायवेवर गाडी सारखी सावरावी लागते. सीव्हीच्या रबरी बुटाच्या घड्या एकमेकींना घासू लागल्या की ग्रीस बाहेर फेकायला वेळ लागत नाही, म्हणून दर सर्व्हिसला तिथे बोट फिरवून बघा. सलग ॲक्सलला कॅस्टरसाठी बुश किंवा ब्रॅकेट, आणि पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवं सरकू न देणारी दांडी) लांबी कमी-जास्त करता येण्याजोगा हवा. नाहीतर ॲक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो आणि मागून चालणाऱ्याला गाडी तिरकी पळताना दिसते.

ब्रेकबद्दल एक गोष्ट भले भले मेकॅनिक विसरतात. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलवरून एक बारीक सळई चेसिसवरच्या व्हॉल्व्हला जाते. शेपूट खाली बसली की गाडीत वजन आहे असं समजून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. लिफ्टने चेसिस ॲक्सलपासून दूर गेली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी कायम रिकामीच आहे. मागचे ब्रेक मंदावतात आणि पुढचे पॅड झपाट्याने संपतात. सळईच्या टोकाला लिफ्टएवढं ब्रॅकेट लावलं की काम होतं. भाग अगदी किरकोळ आहे, पण आठवणीने मागून घ्या.

कंट्रोल आर्मचे आणि पाट्यांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळू नका. रबरी बुश त्याच स्थितीत पकडला जातो आणि गाडी खाली आली की कायम पिळलेला राहून फाटतो. आधी हलके लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे ढकलून बसू द्या, मग ठरलेल्या टॉर्कने आवळा.

त्यानंतरची तपासणी बसवण्याइतकीच महत्त्वाची. एका बाजूचं चाक रॅम्पवर किंवा मोठ्या दगडावर चढवा, दुसरं लटकू द्या, आणि त्या स्थितीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायला कुणाला तरी सांगा. तुम्ही बाजूला, सुरक्षित अंतरावर टॉर्च घेऊन. लटकलेल्या बाजूचा ब्रेकचा रबरी पाइप तंतासारखा ताणला गेला आहे का? एबीएसची वायर? हँडब्रेकची केबल, डिफरन्शियलची हवा जाण्याची नळी? दबलेल्या बाजूला टायर कुठे लागतो? लागत असेल तर बंपस्टॉप तेवढा लांब करा. मोठ्या टायरला जागा हवी म्हणून सगळी गाडी आणखी इंचभर उचलण्यापेक्षा शेवटचे १५ मिलिमीटर बंपस्टॉपने अडवणं केव्हाही शहाणपणाचं.

मग अलाइनमेंट, हेडलाइटचा झोत, आणि काचेमागे कॅमेरा किंवा पुढे रडार असेल तर त्याचं कॅलिब्रेशन. नव्या स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ५-१० मिलिमीटर बसतात. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कला तपासा, मडगार्डची मापं पुन्हा घ्या, आणि आकडा हलला असेल तर अलाइनमेंट परत करा.

वाटेला लागण्यापूर्वी घरच्या अंगणातच एकदा चाक बदलून पाहा. कंपनीचा जॅक चेसिसला लावलात तर पूर्ण उघडूनही चाक जमिनीवरच राहण्याची शक्यता असते, कारण आता सस्पेन्शन जास्त लटकतं. ॲक्सलखाली किंवा खालच्या आर्मखाली लागेल असा बॉटल जॅक आणि त्याच्या तळाशी ठेवायला जाड फळी गाडीत टाका. स्टेपनी बाकीच्या चाकांच्याच मापाची घ्या. ती मूळ जागी मावत नसेल, तर ती छतावर चढवण्याआधी वरचा ३३ मिलिमीटरचा हिशेब पुन्हा एकदा करा.